थंडीआधी उत्तरेची भिंत: वूव्रेच्या घरातल्या चुनाकामाच्या नोंदी

14 सप्टेंबर 2024, शनिवार

आज सिमेंट काढायला सुरुवात. भिंत उत्तरेची, लांबी 9 मीटर. जमिनीपासून सव्वा मीटर उंचीपर्यंत कुणीतरी जुन्या काळी सिमेंटचा जाड गिलावा मारून ठेवलाय. आतल्या बाजूला त्याच उंचीच्या वर ओल, पोपडे आणि पांढरं मीठ.

घर फ्रान्समध्ये, ल्वार नदीच्या उत्तर काठाला, तूर शहराच्या पूर्वेला, वूव्रेजवळच्या एका दरीत आहे. भिंतीचा मधला भाग ओबडधोबड दगडांचा, कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी त्युफोच्या. त्युफो म्हणजे इथला पांढरट, मऊ चुनखडक. ल्वारकाठचे राजवाडे ह्याचेच, आणि शेतकऱ्यांची घरंही ह्याचीच. घरामागच्या कड्यातून दगड काढायचा, घर बांधायचं आणि उरलेल्या गुहेत दारू ठेवायची, अशी इथली पद्धत. आमच्या मागेही एक गुहा आहे. बाहेर उन्हाळा असो की हिवाळा, आत सुमारे 12 अंश.

हा दगड आतून 40 ते 50 टक्के पोकळ असतो. पाणी शोषतो आणि सोडतोही. सिमेंटनं त्याची सोडायची वाट बंद होते, मग पाणी वर चढतं नाहीतर आत येतं. ह्यापलीकडे सिद्धांत लिहीत बसत नाही.

भाड्यानं आणलेलं ड्रिल-हातोडा यंत्र तासाभरात बाजूला ठेवलं. ओबडधोबड दगडांवर ठीक चाललं, पण खिडकीजवळ येताच त्युफोची कड ढासळली. यंत्राचे 45 युरो गेले. नंतर सगळं छिन्नी आणि एक किलोच्या हातोडीनं. आधी हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघायचं. जिथं पोकळ वाजतं तिथून सुरुवात करायची आणि छिन्नी आडवी धरून गिलाव्याच्या मागे घालायची. दगडाच्या दिशेनं सरळ घाव घालायचा नाही.

खिडकीखालच्या एका त्युफोचा पुढचा पापुद्रा सिमेंटला चिकटूनच खाली आला. दोन बोटं जाड. मागचा दगड इतका ओला की अंगठ्यानं दाबला तर खळगा पडतो. नखानं खरवडलं तर भिजलेल्या खडूसारखा लगदा हाताला लागतो. हा दगड बदलावाच लागणार.

मास्क एफएफपी 3 दर्जाचाच वापरा. त्युफोच्या धुळीत सिलिका असते, साध्या कापडी मास्कनं भागत नाही.

22 सप्टेंबर, रविवार

सिमेंट निघालं. आता दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडायचं काम. सिमेंटच्या मागे जुना चुना अजून आहे. काही ठिकाणी घट्ट, काही ठिकाणी नुसती माती. घट्ट चुन्याला हात लावायचा नाही, तो आपल्या सगळ्यांपेक्षा जुना आहे आणि काम करतोय. सैल तेवढाच काढला, साधारण तीन सेंटिमीटर खोल.

मीठ कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत गोळा केलं. पाण्यानं धुतलं तर ते विरघळून परत आतच जातं.

पायथ्याशी दोन गोष्टी सापडल्या. एक, भिंतीला चिकटून काँक्रीटची पाऊणेक मीटर रुंद पट्टी. छपरावरून पडणारं पाणी तिच्यावर आपटून भिंतीवर उडतं. दुसरी, जळणाचा ढीग वर्षानुवर्षं ह्याच भिंतीला टेकून रचलेला. ढिगामागची भिंत सर्वात हिरवी. लाकडं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हलवली, खाली फळ्या घालून आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवून. हे काम फुकटात होतं आणि कुणालाही आजच करता येतं.

वेळापत्रकाबद्दल खरं सांगायचं तर सिमेंट वसंतात काढावं, भिंत उन्हाळाभर सुकू द्यावी आणि सप्टेंबरात दरजा भराव्यात. गावातले एक निवृत्त गवंडी आजोबा बघायला आले होते, त्यांचंही तेच म्हणणं. आमचं घर एका संरक्षित वास्तूच्या 500 मीटरच्या आत येतं. त्यामुळे गावच्या कचेरीत, म्हणजे मेरीत, आधी अर्ज द्यावा लागला आणि वास्तुरक्षणाच्या सरकारी आर्किटेक्टचं मत घ्यावं लागलं. अशा भागात उत्तराला एका महिन्याऐवजी दोन महिने धरून चालायचे. उत्तर ऑगस्टअखेर आलं. उघड्या दरजांत हिवाळ्याचं पाणी शिरून गोठलं तर दगड फुटतील, म्हणून ह्याच शरदात भरायचं ठरवलं. आजोबा म्हणाले, "मग सँ मार्तँच्या आत संपवा." सँ मार्तँ म्हणजे 11 नोव्हेंबर.

28 सप्टेंबर, शनिवार

आज वाळू यायची होती, आली नाही. शेजारच्या मळ्यात द्राक्षतोडणी सुरू झाली आहे. आमची गल्ली एक ट्रॅक्टर जाईल एवढीच. सकाळपासून डब्यांच्या गाड्या वर जातात आणि भरून खाली येतात. वाळूचा ट्रक कोपऱ्यावरून परत गेला, दुसऱ्या फेरीचे पैसे वेगळे. द्राक्षाच्या गावात राहत असाल तर जड सामान तोडणीच्या आधी मागवून ठेवा. त्या दिवसांत रस्ता मळ्यांचा असतो, आणि तो त्यांचाच असायला हवा.

वूव्रेत जवळजवळ एकच द्राक्ष चालतं, शेनिन ब्लाँ. नाशिककडच्या वायनरींमुळे हे नाव आपल्याकडेही पोचलंय, फक्त तिकडे तोडणी जानेवारी ते मार्च. इथं सप्टेंबरअखेर बुडबुड्यांच्या वाइनसाठीचा माल आधी उतरतो, मग कोरड्या वाइनचा. वर्ष चांगलं असेल तर गोड वाइनसाठी घड वेलीवरच ठेवून ऑक्टोबरभर, कधी नोव्हेंबरपर्यंत, एकाच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरून पिकतील तसे तोडतात. हे वर्ष तसं नाही. पाऊस थांबला नाही, मिल्ड्यू ह्या बुरशीच्या रोगानं पानं आणि घड दोन्ही खाल्ले. शेजारच्या मादाम म्हणाल्या, "डबे हलके आहेत." त्यापुढे त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. दुपारी त्यांच्या माणसांसाठी कांदेपोहे करून नेले. त्यांनी चोथ्याचा वास येणाऱ्या हातांनी डबा घेतला.

वाळूची वाट बघण्यात अख्खा शनिवार-रविवार गेला. त्या वेळात अक्रोड वेचले. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा काळा डाग बोटांवरून लवकर जात नाही, चुन्याचे हातमोजे घालूनच वेचा.

5 ऑक्टोबर, शनिवार

वाळू आली, अर्धा टन. नदीच्या पात्रातून वाळू काढणं फ्रान्समध्ये 1994 पासून बंद आहे, त्यामुळे "ल्वारची वाळू" म्हणून मिळते ती नदीच्या जुन्या काठांवरच्या खाणींची असते. रंग फिका पिवळा, जुन्या दरजांशी जुळणारा.

चुना नैसर्गिक हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यानं घट्ट होणारा, एनएचएल 2 प्रतीचा. दुकानात एनएचएल 3.5 समोरच होता आणि स्वस्तही. त्युफोसाठी तो नको, दगडापेक्षा दरज कडक होते. दरज नेहमी दगडापेक्षा मऊ हवी, झिजायचीच वेळ आली तर दरज झिजली पाहिजे. 25 किलोचं पोतं 16 युरोला मिळालं.

आधी नमुने. भिंतीच्या कडेला, झुडपामागे, चार वेगवेगळी मिश्रणं भरली:

अ) 1 बादली चुना, 2 वाळू.
ब) 1 चुना, अडीच वाळू.
क) 1 चुना, 3 वाळू.
ड) 1 चुना, अडीच वाळू, पण वाळू बारीक चाळणीतून काढलेली.

प्रमाण बादलीनंच मोजा, वजनानं नको. चुना हलका असतो, वजनात गफलत होते. पाणी जपून. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि तळहात फक्त दमट राहावा, एवढंच.

10 ऑक्टोबर, गुरुवार

काल 'कर्क' (Kirk) नावाच्या वादळाचे अवशेष फ्रान्सवरून गेले. दिवसभर मुसळधार. कामाला सुट्टी, पण ह्या सगळ्या उद्योगातला सर्वात उपयोगाचा तास कालचाच.

रेनकोट घालून, टॉर्च घेऊन भिंतीसमोर उभी राहिले. आजवर जो येईल तो सांगत होता की ओल जमिनीतून वर चढते. एक माणूस तर भिंतीत भोकं पाडून रसायन भरायचं कोटेशन देऊन गेला होता, आकडा चार हजारांच्या वर. प्रत्यक्षात पाणी वरून येत होतं. जस्ताच्या पन्हळीचा एक जोड उसवलाय, आणि त्याच्या पुढे अक्रोडाच्या पानांचा बोळा. बोळ्यामागे पाणी तुंबतं, उसवलेल्या जोडातून भिंतीच्या अंगानं खाली उतरतं आणि बरोबर त्या कुजलेल्या त्युफोवर येतं. उरलेलं काँक्रीटच्या पट्टीवर आपटून गुडघाभर उंच उडतं. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, जिथं पन्हळ धड आहे, तिथं पायथा जवळजवळ कोरडा.

ओलीवर एक पैसाही खर्च करायच्या आधी मोठ्या पावसात भिंतीसमोर तासभर उभं राहा. हे कुठल्याही कोटेशनपेक्षा जास्त सांगून जातं.

12 ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी हत्यारांची पूजा. थापी, छिन्न्या, हातोडी, ओळंबा, बादल्या धुऊन पाटावर मांडल्या. आपटा इथं नाही. झेंडू मात्र भरपूर, टोमॅटोच्या वाफ्यांत कीड लागू नये म्हणून इथं सगळेच लावतात. वाईला बाबांना व्हिडिओ कॉल लावून भिंत दाखवली. आमच्या तिथल्या वाड्याची चुन्याची दुरुस्ती त्यांनी डोळ्यांसमोर करून घेतलेली. त्यांनी आधी नमुने बघितले, मग म्हणाले, "अगं, भिंतीला आधी पोटभर पाणी पिऊ दे. तहानलेली भिंत चुन्याचं पाणी पिते, आणि मग चुना भुकटी होतो. आदल्या संध्याकाळी एकदा पाज, सकाळी परत एकदा."

नमुन्यांचा निकाल: 'अ'ला बारीक भेगा, चुना जास्त झाला. 'ड'ला सर्वात जास्त भेगा, म्हणजे बारीक वाळू एकदम बाद. 'क' नखानं खरवडता येतो. 'ब' चांगला. चाळलेली गुळगुळीत वाळू हाताला छान लागते, पण दरजेला जाड-बारीक असे सगळे कण लागतात.

दुपारी पन्हळीवाल्याला फोन. दोन आठवड्यांनी येतो म्हणाला. तोवर पानं काढली आणि उसवलेल्या जोडाखाली जस्ताचा तुकडा तारेनं बांधून पाणी भिंतीपासून लांब सोडलं. शिडीवर चढले होते तेव्हा छपराचे स्लेटही तपासले. पूर्वी हे स्लेट आँजेजवळच्या त्रेलाझेच्या खाणींतून यायचे. त्या 2013 मध्ये बंद पडल्या, आता बहुतेक माल स्पेनचा. आमचे जुने आहेत, निसटलेले दोन तांब्याच्या आकड्यांनी परत बसवले.

16 ऑक्टोबर, बुधवार

जळण आलं. ओक आणि हॉर्नबीम. नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी: लाकूड 'स्तेर'वर विकतात. एक मीटर लांबीचे ओंडके रचून एक घनमीटर झाला की एक स्तेर. तेच लाकूड 33 सेंटिमीटरचे तुकडे करून दिलं की फटी कमी होतात आणि ढीग सुमारे 0.7 घनमीटरच दिसतो. माल कमी आला म्हणून भांडू नका. ओलावा मात्र मोजा, 20 टक्क्यांच्या वर असेल तर ह्या हिवाळ्यात जाळू नका. धुराडं साफ करणाराही येऊन गेला. वर्षातून निदान एकदा ते करून घ्यावंच लागतं आणि त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं, आग लागली तर विमेवाले आधी तेच मागतात.

20 ऑक्टोबर, रविवार

काल दरजा भरायला घेतल्या. पश्चिम कोपऱ्यापासून. काल संध्याकाळी सगळं ठीक दिसत होतं. आज सकाळी कोपऱ्याजवळच्या मीटरभर भागात केसाएवढ्या भेगा, आणि दोन दरजा दगडापासून सुटलेल्या.

कारण शोधायला वेळ लागला नाही. रात्रभर वारा होता. भिंत उत्तरेची असली तरी कोपरा वाऱ्याच्या तोंडी आहे. पाणी पाजलं होतं, पण वर झाकलं नव्हतं. शिवाय तिथल्या दरजा खोल होत्या आणि एकाच दमात भरल्या होत्या. दोन सेंटिमीटरहून खोल दरज असेल तर आधी मागचा थर भरायचा, तो अंगठ्याला घट्ट लागला की पुढचा. मोठ्या फटीत नुसता चुना न भरता दगडाच्या चिपा ठोकून बसवायच्या. चुना जितका कमी जाड, तितका कमी आकसतो.

भेगा पडलेला भाग काढून टाकला. एक पूर्ण दिवस आणि अर्धं पोतं वाया. जुनी गोणपाटं मिळवायला अख्खं गाव पालथं घातलं. शेवटी मादामच्या तळघरात बटाट्यांची पोती निघाली. ती भिजवून, वरच्या दगडांत खिळे न ठोकता, छपराच्या वाशांना दोरीनं बांधून भिंतीपासून चार बोटं अंतरावर लटकवली. प्लास्टिकचा कागद लावू नका, आत पाणी साचतं आणि दरजांवर पांढरे डाग उठतात.

27 ऑक्टोबर, रविवार

आज पहाटे घड्याळं एक तास मागे गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधारून येतं, म्हणजे नोकरीवरून घरी येऊन काम करणं संपलं. आता फक्त शनिवार, रविवार आणि सुट्ट्या.

पन्हळ दुरुस्त झाली, उसवलेल्या जोडाला नवा डाग (सोल्डर) दिला. 140 युरो. ज्या ओलीवर चार हजार मागितले होते, तिचं मुख्य कारण एवढ्यात मिटलं.

दोन दिवस खिडकीखालच्या दगडावर गेले. नवा त्युफो घ्यायची गरज पडली नाही, गावात एक कोसळलेली गोठ्याची भिंत उतरवत होते, तिथून 20 युरोत एक ठोकळा मिळाला. 30 बाय 25 बाय 20 सेंटिमीटरचा, कोरडा असताना वीसेक किलो. घनमीटरला साधारण 1300 किलो हे त्युफोचं वजन, आपल्या बेसॉल्टच्या निम्म्याहूनही कमी. एकट्या माणसाला उचलता येतो.

कुजलेला दगड पूर्ण काढला नाही, 12 सेंटिमीटर खोलीपर्यंतच कापला. मागचा भाग शाबूत होता आणि वरच्या भाराला तो लागतो. ठोकळा कापायला मोठ्या दातांची लाकडाची करवतच चालते, पण ती पुन्हा लाकडाला वापरता येणार नाही. तोंड सारखं करायला गवंडी आजोबांनी त्यांचं जुनं हत्यार आणून दिलं, त्याला ते 'शमँ द फेर' म्हणतात. लाकडी ठोकळ्यात तिरप्या पोलादी पात्या बसवलेल्या, धरायचा सुताराच्या रंध्यासारखा. पहिल्यांदा सरळ ओढला तर ओरखडे उठले. आजोबांनी माझं मनगट धरून कोनात फिरवलं, आठच्या आकड्यासारखं. तेव्हा दगड एकसारखा उतरू लागला, पिठासारखी भुकटी बुटांवर जमली. ती भुकटी फेकली नाही, चाळून डब्यात भरली. चुन्यात मिसळून चौकटीच्या बारीक दरजा आणि तुटलेल्या कडा त्यानंच भरायच्या.

बसवण्याआधी दगडाचा थर ओळखा. खाणीत तो जसा आडवा होता तसाच भिंतीत आडवा बसवायचा. उभा बसवला तर काही वर्षांत पानं सुटावीत तसे पापुद्रे निघतात. आजोबा ओल्या फडक्यानं पुसून, उन्हात तिरपा धरून थर बघतात. मला अजून दर वेळी दिसत नाही, ह्या ठोकळ्यावर त्यांनीच पेन्सिलनं बाण काढून दिला.

संध्याकाळी मादामकडून बेर्नाश आली. ह्या भागात ऑक्टोबरभर मिळते. अर्धवट आंबलेला द्राक्षरस, गढूळ, गोड, जिभेला चुरचुरणारा. भाजलेल्या चेस्टनटबरोबर प्यायची रीत. बाटलीचं बूच घट्ट लावायचं नाही आणि ती आडवी ठेवायची नाही, आत अजून आंबणं चालू असतं. घरी नेताना गाडीत उभी धरून न्या.

1 नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

आज तूसँ, सर्व संतांचा दिवस, देशभर सुट्टी. अशा दिवशी ठोकाठोक नको, म्हणून काम नाही. फक्त सकाळी गोणपाटांवर पाणी मारलं.

हा आठवडाभर प्रत्येक दुकानाबाहेर शेवंतीच्या कुंड्या. इथं शेवंती कबरींवर ठेवतात, कुणाच्या घरी भेट म्हणून नेत नाहीत. मी पूजेसाठी पिवळ्या शेवंतीच्या दोन कुंड्या घेतल्या तेव्हा दुकानातल्या बाईंनी हळू आवाजात सहानुभूती व्यक्त केली. मी सांगितलं की आमच्याकडे आज लक्ष्मीची पूजा आहे आणि तिला हीच फुलं आवडतात. संध्याकाळी मादाम त्यांच्या माणसांच्या कबरींवरून परतताना आमच्या दारातल्या पणत्या बघून आत आल्या. लक्ष्मीसमोरची शेवंती बघून जरा वेळ थांबल्या आणि करंजी खाल्ली. त्यांच्या सगळ्या वेली आता उतरल्यात, गोड वाइन ह्या वर्षी होणार नाही.

11 नोव्हेंबर, सोमवार

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून धुकं. दिवसचे दिवस सूर्य नाही, पण पाऊसही नाही आणि गोठणही नाही. सगळे कंटाळलेत. आमच्या भिंतीला मात्र ह्याहून चांगलं हवामान मागूनही मिळालं नसतं. चुना सावकाश सुकायला हवा आणि भोवती दमट हवा हवी. कोपऱ्यावर वाऱ्यात जे फाटलं, तेच मिश्रण ह्या धुक्यात एकाही भेगेविना बसलं. मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर भिंतीलाच टांगलाय. रात्री पाच अंशांच्या खाली जाणार असेल तर त्या दिवशी चुना कालवायचाच नाही, हा नियम पाळतोय.

आता कामाची लय बसली आहे. आदल्या संध्याकाळी पाणी, सकाळी पुन्हा पाणी, दगड ओला पण चमकत नाही अशा वेळी चुना. नवरा कालवतो, मी भरते. थापीच्या पाठीवर थोडा चुना घ्यायचा आणि अरुंद पट्टीनं आत ढकलत दाबायचा. थापी घासून गुळगुळीत करायचा मोह टाळा, घासलं की चुन्याचं दूध वर येतं आणि त्याची कातडी धरते, मग दरजेतून हवा जात नाही. वाट बघायची. अंगठा दाबला तर ठसा उमटत नाही पण नखानं ओरखडा उठतो, ती वेळ. कालच्या हवेत ती पाच-सहा तासांनी आली, म्हणजे दिवे लावून करावं लागलं. मग कडक ब्रश दरजेवर ठोकायचा, फिरवायचा नाही. वाळूचे कण उघडे पडतात आणि दरज जुन्या दरजांच्या शेजारी ओळखूही येत नाही.

गॉगल न काढता काम करा. चुन्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहायचं आणि डॉक्टरकडे जायचं. आम्ही पाण्याची बाटली भिंतीजवळच ठेवतो.

आज सँ मार्तँचा दिवस. तूरचे बिशप, इसवी सन 397 मध्ये नदीच्या खालच्या अंगाला कांद गावी वारले, 11 नोव्हेंबरला तूरमध्ये दफन झालं. त्यांचा देह होडीतून आणताना काठांवर पुन्हा फुलं आली, अशी इथली कथा. म्हणून नोव्हेंबरातल्या उबदार दिवसांना इथं सँ मार्तँचा उन्हाळा म्हणतात. जुने गवंडी वर्षातलं शेवटचं चुनाकाम ह्याच दिवसांवर बेतायचे. आमचं दीड मीटर उरलंय.

17 नोव्हेंबर, रविवार

दरजा संपल्या. काँक्रीटची पट्टी फोडली, हे काम अपेक्षेच्या दुप्पट वेळ खाऊन गेलं. खाली विटा आणि बाटल्यांच्या काचा. माती भिंतीपासून लांब उतरेल असा उतार काढून वर खडी पसरली. खोल चर खणला नाही. अशा जुन्या घरांना पाया फारसा नसतो, पायथ्याशी खोल खणलं तर भिंत सरकू शकते.

रविवार म्हणून वरच्या रानात शिकारी, सकाळभर बार ऐकू येत होते. मळ्याच्या वाटेनं जायचं तर नारिंगी जाकीट घालूनच. क्विन्सची फळं उतरवली आणि साखरेत आटवून वड्या पाडल्या. खालून लागू नये म्हणून दोघांनी पाळीपाळीनं ढवळलं, चुन्याचं काम करून खांदे आधीच दुखत होते.

21 नोव्हेंबर, गुरुवार

कायतानो वादळ. उत्तर फ्रान्सवर बर्फ, आमच्याकडे पावसात मिसळलेला. रात्री गोठण्याचा अंदाज. शेवटच्या दीड मीटरला अजून दोन आठवडेही झाले नाहीत, तो भाग सर्वात धोक्याचा. भिजकी गोणपाटं काढून कोरडी लावली, त्यावर जुन्या रजया, त्यावर पाऊस लागू नये म्हणून तिरपी ताडपत्री, भिंतीला न टेकता. ओलं गोणपाट थंडीत तसंच ठेवलं तर तेच गोठतं.

24 नोव्हेंबर, रविवार

तीन दिवसांत हवा पालटली, आज बाहेर नुसत्या शर्टात उभं राहता येतंय. सगळं उघडून तपासलं. शेवटच्या भागात खालच्या बाजूला तळहाताएवढी जागा भुकटी झाली आहे, वरचे काही मिलिमीटर. गोठणीनं तेवढं घेतलं. ते आता भरायचं नाही, एप्रिलमध्ये खरवडून पुन्हा. बाकी भिंत घट्ट. नव्यानं बसवलेला त्युफो शेजारच्यांपेक्षा पांढरा दिसतो, काही हिवाळ्यांत मिसळून जाईल.

आतली ओल अजून आहे, आणि असणारच. अर्ध्या मीटरच्या भिंतीतलं पाणी बाहेर पडायला वर्ष-दोन वर्षं लागतात. आतल्या बाजूला रंग, गिलावा, कपाट काहीही लावलेलं नाही.

खर्च, युरोत: चुना 130, वाळू दुसऱ्या फेरीसह 95, पन्हळ 140, जुना दगड 20, यंत्राचं भाडं 45, खडी 60, मास्क, गॉगल, हातमोजे, ब्रश मिळून 110. एकूण 600. गवंड्याकडून ह्याच कामाचं कोटेशन 2900 होतं. ते जास्त नव्हतं. आम्हाला हे शनिवार-रविवार मोकळे मिळाले आणि आजोबा शेजारी होते, म्हणून जमलं.

उरलेलं: एप्रिलमध्ये भुकटी झालेली जागा. मेमध्ये आतलं मीठ पुन्हा झाडणे. अक्रोडाच्या बाजूच्या पन्हळीला जाळी. आणि पूर्वेच्या खिडकीची चौकट, जिच्यावरही सिमेंट आहे. तिचा अर्ज ह्या वेळी जानेवारीतच देतोय.